देवराईचे नियम: पवना खोऱ्यातील राखलेल्या झाडीचा इतिहास

पवना नदी लोणावळ्याच्या दक्षिणेला सह्याद्रीच्या माथ्याजवळ उगम पावते. लोहगड, तुंग आणि तिकोना या किल्ल्यांच्या पायथ्यांमधून ती पूर्वेकडे उतरते आणि पिंपरी-चिंचवड ओलांडून दापोडीजवळ मुळेला मिळते. हे अंतर फार नाही, पण तेवढ्यात पाऊस झपाट्याने कमी होतो. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पुण्याच्या सपाटीवर सातशे मिलिमीटरच्या घरात. मुळशी तालुक्यातले पुनावळे हे या उताराच्या खालच्या टोकाला, पवनेच्या काठावर वसलेले गाव. वरच्या बाजूला भातखाचरे आणि सदाहरित झाडी, खालच्या बाजूला ज्वारी-बाजरीची शेते, गायराने आणि खुरट्या झाडांच्या टेकड्या, असा या खोऱ्याचा जुना नकाशा होता. वरची झाडी टिकली तर खाली उन्हाळ्यात नदीला पाणी राहते, हे पुण्याच्या पश्चिमेकडील मावळांतल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्या जाणिवेची सर्वांत स्पष्ट खूण म्हणजे देवराई.

गावाने देवाच्या नावाने सोडलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या न तोडलेला जंगलाचा तुकडा म्हणजे देवराई. कोकणात तिला देवरहाटी म्हणतात, काही ठिकाणी नुसते ‘राई’ किंवा ‘देवबन’. मावळ, मुळशी, वेल्हे, भोर, आंबेगाव आणि खेड या तालुक्यांच्या पश्चिम भागात अशा राया विखुरलेल्या आहेत. काही थोड्या गुंठ्यांच्या, काही दहा हेक्टरांच्या आसपास. आकाराने लहान असल्या तरी त्यांत जे उरले ते आजूबाजूच्या डोंगरावर कधीच नाहीसे झाले होते: कवेत न मावणाऱ्या बुंध्यांचे आंबे, जांभूळ, बेहडे, पिसा, भेरली माड, आणि झाडांवरून झाडांवर गेलेल्या गारंबीसारख्या महावेली. बहुतेक राया ओढ्याच्या उगमाशी, झऱ्याशी किंवा गावावरच्या उतारावर आहेत. ही जागा योगायोगाने निवडली गेली असे म्हणणे अवघड आहे. घाटमाथ्याच्या पावसात उघड्या उतारावरची माती दोन-तीन पावसाळ्यांत वाहून जाते. पानांचा जाड थर असलेल्या झाडीखाली पाणी मुरते आणि पुढे महिनोन्‌महिने झिरपत राहते.

या प्रथेचे वय नेमके सांगता येत नाही. तिच्या प्राचीनत्वाचा अभ्यासपूर्ण विचार प्रथम मांडणाऱ्यांमध्ये दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव येते. गणिताचे प्राध्यापक असलेल्या कोसंबींनी पुण्याभोवतीचा मुलूख पायी धुंडाळला. पवना खोऱ्यातल्या देवींची ठाणी, त्यांच्याभोवतीची राखीव झाडी, जुन्या वाटांच्या नाक्यांवर सापडणारी बारीक दगडी हत्यारे यांची त्यांनी सांगड घातली. ‘मिथ अँड रिअॅलिटी’ हा त्यांचा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला. नांगराची शेती येण्यापूर्वी, शिकार, पशुपालन आणि फिरती शेती यांवर जगणाऱ्या लोकांनी ही ठाणी स्थापली असावीत, आणि नंतर आलेल्या शेतकरी गावांनी ती आपलीशी केली असावीत, असे त्यांच्या मांडणीचे सूत्र. ते सर्वस्वी सिद्ध झाले आहे असे नाही. तरीही मावळातल्या देवराया पाहिल्यावर ते खोडून काढावेसे वाटत नाही, कारण तिथली दैवते पुराणांत सापडत नाहीत. वाघजाई, जाखाई, जोखाई, काळकाई, शिरकाई, म्हसोबा, वेताळ ही नावे त्या त्या डोंगराची आहेत. मूर्ती बहुधा नसतेच. शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे न घडवलेला गोल दगड, आणि शेजारी एखाददुसरा वीरगळ, एवढाच पसारा. अनेक देवींना डोक्यावर छप्पर चालत नाही अशी श्रद्धा आहे. वर झाडांचे छत्र असेल तेवढेच पुरे. या श्रद्धेचा परिणाम पुढे दिसेल.

देवराईविषयी बोलताना तिचे पावित्र्य पुढे केले जाते आणि तिचे नियम मागे पडतात. वास्तविक राई टिकली ती नियमांवर. सर्वसाधारण नियम असा की राईतून काही न्यायचे नाही: ओले लाकूड नाही, वाळकी फांदी नाही, कित्येक ठिकाणी पडलेले पानही नाही. वादळात उन्मळलेला वृक्ष जागेवरच कुजू द्यायचा. कोयता-कुऱ्हाड घेऊन आत शिरायचे नाही. पायताण बाहेर काढायचे. नियम मोडला तर देवी कोपते, गुरे दगावतात, घरात आजार येतो, अशी धास्ती असे. या धास्तीचा मोठा फायदा असा की राखणीला माणूस लागत नसे. वनखात्याला जे काम पगारी रखवालदार ठेवूनही साधले नाही, ते इथे चोराच्या मनातल्या भीतीने साधले.

पण नियमाला वाट होती, आणि ती वाट हाच या व्यवस्थेचा सर्वांत विचारपूर्वक घडवलेला भाग. गावाला खरोखरच लाकडाची निकड पडली, म्हणजे देवळाची दुरुस्ती निघाली, आगीत घरे जळाली, तर देवीला कौल लावायचा. गुरव तांदळ्यावर फुले, तांदळाचे दाणे किंवा सुपाऱ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो आणि कोणत्या बाजूची कळी आधी पडते ते सारा गाव बघतो. उजवीकडची पडली तर परवानगी, डावीकडची पडली तर नकार. बाहेरच्या माणसाला हा दैवावर सोडलेला निर्णय वाटेल. प्रत्यक्षात कौल लावण्यापूर्वी गावकी बसलेली असते, मागणी कोणाची, किती झाडांची, कशासाठी, हे चारचौघांत बोलले गेलेले असते. एकट्या माणसाला, मग तो पाटील का असेना, चोरून मागता येत नाही. सामाईक संपत्तीचा वापर उघड चर्चेतून, क्वचित आणि ठराविक कारणासाठीच व्हावा, हे तत्त्व त्यात आहे. सामाईक साधनसंपत्तीवर काम करणाऱ्या अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. जगभरच्या उदाहरणांतून त्यांनी जे निष्कर्ष काढले, त्यांत वापरणाऱ्यांनीच केलेले नियम आणि वापरणाऱ्यांनीच ठेवलेली देखरेख यांना मध्यवर्ती जागा आहे. मावळातल्या गावक्यांना यात नवल वाटले नसते.

या व्यवस्थेला आदर्श ठरवण्याची मात्र गरज नाही. गावातली उतरंड राईतही होती. मान ठरलेल्या घराण्यांचा, पूजा गुरवाची, आणि कित्येक रायांत बायकांना आत जायला मनाई. कौलाचा अर्थ लावण्याचा अधिकार ज्यांच्या हाती, त्यांचे वजन जास्त, हे ओघानेच आले.

सगळ्याच राया ‘काही न्यायचे नाही’ या नियमावर चालत नव्हत्या. पवन मावळातल्या अजिवली गावची वाघजाईची राई याचे चांगले उदाहरण आहे. तिथे भेरली माडाची झाडे मोठ्या संख्येने आहेत. या झाडापासून माडी काढली जाते. माड तोडला की उत्पन्न संपले, त्यामुळे झाड राखणे हा देवीचा आणि गावाचा सारखाच हितसंबंध ठरला. आंबेगाव, जुन्नर आणि खेडच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाज बाळहिरडा गोळा करतो, म्हणजे हिरड्याची कोवळी, पूर्ण न वाढलेली फळे. हंगामाच्या काही आठवड्यांत मिळणारा हा रोख पैसा भाताच्या शेतीला मोठा आधार असतो. फळ घ्यायचे, फांदी मोडायची नाही, एवढे पथ्य त्यात पाळले जाते.

राईबाहेरच्या जमिनीचेही शास्त्र होते. भाताच्या रोपवाटिकेची जागा पावसाआधी भाजून घेण्यासाठी झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर रचून पेटवतात, हा राब. त्यासाठी आईन, किंजळ यांसारख्या झाडांच्या फांद्या दरवर्षी छाटाव्या लागतात, आणि छाटणी सोसणारी झाडे कोणती, ती किती उंचीवर आणि किती वर्षांच्या अंतराने छाटायची, हे ठरलेले असे. गुरांसाठी कुरण राखले जाई, गवत कापणीआधी त्यात जनावर सोडायचे नाही असा रिवाज होता. महादेव कोळ्यांच्या गावांत उतारावर नवी भातखाचरे घडवायची तर शेजारीपाजारी आळीपाळीने एकमेकांच्या जमिनीवर राबत. या पद्धतीला पडकई म्हणतात, आणि राज्य सरकारने पुढे तिच्याच नावाने योजना आखली. राब, कुरण आणि पडकई या सगळ्यांच्या मधोमध देवराई होती. बाकीची जमीन वापरायची असल्यामुळेच एक तुकडा न वापरता ठेवणे परवडत होते आणि गरजेचेही होते.

हाच न्याय पाण्यालाही लावला गेला. पवनेच्या शेजारच्या खोऱ्यात, इंद्रायणीवर, देहूच्या डोहातले मासे वारकरी खाऊ घालतात, मारत नाहीत. महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीच्या नावाने आणि वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे येथे शंकराच्या देवळाखाली महाशीर माशांचे डोह असेच राखलेले आहेत. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा मोठे, अंडी घालणारे मासे खोल डोहांत गोळा होतात. तो डोह राखला की पावसाळ्यात सगळ्या नदीला बीज मिळते. दख्खनच्या महाशीराला शास्त्रीय नाव मिळाले तेही पुण्याच्याच नद्यांतून. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यावरून, आणि ‘खुद्री’ हे नाव शास्त्रीय ग्रंथात गेले. पुढे धरणे, सांडपाणी आणि सुरुंगाची मासेमारी यांमुळे हा मासा कमी होत गेला. १९७० च्या दशकाच्या आरंभी टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याच्या वळवण तलावापाशी त्याचे बीज तयार करण्याचे केंद्र सुरू केले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादीत या माशाची स्थिती अलीकडे ‘धोक्यात’ वरून ‘किमान चिंता’ अशी सुधारली आहे, त्यात या केंद्राचा वाटा मानला जातो. देहूचा डोह मात्र वरून येणाऱ्या मैल्यापासून देवाला वाचवता आलेला नाही. मासा न मारण्याचा नियम पाळता येतो. तोच नियम कारखान्यावर आणि नगरपालिकेच्या गटारावर लागू करण्याचा अधिकार गावाला कधी मिळालाच नाही.

मराठेशाहीत झाडांचा विचार राजनीतीच्या ग्रंथातही आला. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे आणि रयतेच्या आंबा-फणसाच्या झाडांना धक्का का लावू नये याची सूचना आहे. धन्याला राजी करून, मोल देऊनच झाड घ्यावे असा तिचा आशय. देवस्थानांना इनाम जमिनी दिल्या जात आणि त्यांत काही राया मोडत. देवराईची मालकी देवाची, वहिवाट गावाची, आणि दोन्हींना राजाची मान्यता, असा हा तिपेडी संबंध होता.

इंग्रजी अमलात पहिला पेड सुटला. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी जंगलांची राखीव आणि संरक्षित अशी वर्गवारी केली, आणि पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडचा मोठा डोंगराळ भाग सरकारी जंगलात गेला. मोजणीच्या वेळी राई कोणत्या रकान्यात पडली यावर तिचे भवितव्य ठरले. काही राया राखीव जंगलात गेल्या, काही महसूल खात्याच्या जमिनीत, काही देवस्थान इनामात, काही चक्क एखाद्या कुटुंबाच्या सातबाऱ्यावर. गावाच्या दृष्टीने ती एकच वस्तू होती. कागदावर ती चार निरनिराळ्या वस्तू झाली. वनखात्याचे पहिले महानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस यांना देशभरच्या देवरायांची चांगली ओळख होती आणि त्यांनी त्यांची आदराने नोंदही केली. पण त्यांनीच उभारलेल्या खात्याच्या कारभारात लाकूड हा महसूल होता आणि तिथे देवीचा दावा पुरावा ठरत नव्हता.

रेल्वेने मागणी वाढवली. १८६३ साली बोरघाटातला लोहमार्ग खुला झाला, मुंबई आणि पुणे जोडली गेली, आणि जळण, कोळसा, इमारती लाकूड यांना बारमाही बाजार मिळाला. त्याच काळात राबासाठी फांद्या छाटण्यावर आणि जंगलात गुरे चारण्यावर निर्बंध आले. जोतीराव फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वनखात्याने डोंगर, दऱ्या आणि गायराने अडवून शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांना जागा उरू दिली नाही, अशी कडक तक्रार केली आहे. कुरण आणि राब यांचे नियम करणारी गावकी एकदा बिनअधिकाराची झाली की त्या नियमांना अर्थ उरत नाही. जे आपले नाही ते लवकरात लवकर तोडून घ्यावे ही वृत्ती मग स्वाभाविक. देवराई या काळात तरली, कारण तिच्यावरचा धाक कायद्याने काढून घेता आला नाही.

विसाव्या शतकात धरणे आली. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तरी खोरे बुडालेच. पुढे पानशेत आले, आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी पवना धरण पूर्ण झाले. धरणाबरोबर डोंगरात रस्ते गेले, रस्त्यांबरोबर कोळशाचे ठेकेदार. विस्थापनाने कंगाल झालेल्या गावांतल्या मालकीच्या झाडांचा सौदा अगदी पडत्या भावात होई. पानशेतच्या परिसरात हे घडताना पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पाहिले. उघड्या पडलेल्या उतारांवर मूळ वनाचे जे हिरवे ठिपके उरले, ते बहुतेक देवरायांचे होते. शिरकोलीची शिरकाई ही त्यांपैकी एक, धरणाच्या पाण्याच्या काठावरची.

देवरायांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो याच सुमाराला. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या राया फिरून पाहिल्या. त्यांचा पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा निबंध १९७६ साली ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या नियतकालिकात आला, आणि १९८१ साली त्यांनी महाराष्ट्रातल्या २३३ देवरायांची यादी प्रसिद्ध केली. पुढच्या सर्वेक्षणांत हा आकडा हजारांच्या घरात गेला. दुर्मीळ वनस्पतींचे आश्रयस्थान म्हणून त्यांनी रायांकडे लक्ष वेधले. त्यातली एक नोंद विशेष आहे: तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या एका राईत गारंबीची वेल होती, आणि तिची साल साप चावलेल्या गुरांच्या औषधासाठी दूरदूरच्या गावांहून लोक न्यायला येत. राई म्हणजे गावाचे औषधालयही होते.

या अभ्यासाला लोकांची साथ कशी मिळाली याची एक हकीकत श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची आहे. तिथली काळकाईची राई सुमारे दहा हेक्टरांची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वनखात्याने तिच्यातली झाडे तोडण्यासाठी खुणा केल्या. गावकऱ्यांनी पुण्यातल्या या संशोधकांकडे धाव घेतली. त्यांच्या तक्रारीत देवीचा कोप होता, पण त्याहून ठळक होता तो राईतून निघणारा बारमाही ओढा. राई गेली की ओढा जाईल आणि गावाचे पाणी जाईल, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. वनखात्याला समजावण्यात आले आणि राई वाचली. श्रद्धेच्या भाषेत सांगितलेले ज्ञान आणि विज्ञानाच्या भाषेत सांगितलेले ज्ञान एकाच अर्जावर आले, तेव्हा खात्याला ते ऐकावे लागले.

पुढच्या काळात रायांवरचे संकट बदलले. कुऱ्हाडीचा धोका कमी झाला आणि सिमेंटचा वाढला. मुंबई-पुण्यात कामाला गेलेल्या गावकऱ्यांनी पैसे पाठवले आणि देवीचा जीर्णोद्धार निघाला. काळकाईची महाकाली झाली, तांदळ्याच्या मागे संगमरवरी मूर्ती बसली, जिला छप्पर चालत नव्हते तिच्यावर काँक्रीटचा कळस चढला. बांधकामाच्या खर्चासाठी राईतलेच लाकूड विकल्याची उदाहरणे आहेत, आणि मंडप, वाहनतळ, फरशी यांसाठी जागा साफ करण्याची तर फारच. ही घडामोड भक्ती कमी झाल्यामुळे झाली असे म्हणता येत नाही. भक्ती उलट वाढली होती. देवीचे घर झाड असण्याऐवजी देऊळ झाले, एवढा फरक पडला आणि तो पुरेसा ठरला. दुसरीकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गानंतर मावळ-मुळशीच्या जमिनींना भाव आला. खासगी सातबाऱ्यावरच्या राया बंगल्यांच्या योजनांच्या वाटेत आल्या.

सगळीकडे पडझडच झाली असेही नाही. भीमाशंकरच्या परिसरात, म्हणजे खेड तालुक्याच्या पश्चिम टोकाला आणि शेजारच्या आंबेगावात, पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने महादेव कोळी गावांबरोबर काम केले. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटे करतो. झाड जळणासाठी विकले तर एकदाच पैसा मिळतो, फळे विकली तर दरवर्षी. फळांच्या संकलनाला २०१५ साली ‘फेअरवाइल्ड’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले आणि त्यांना परदेशात चांगला भाव देणारे ग्राहक मिळाले. अजिवलीच्या माडीचाच हा हिशोब आहे, फक्त बाजार सातासमुद्रापलीकडचा.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने वेगळा मार्ग धरला. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या ग्रामसभेला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार प्रत्यक्ष गावाच्या हाती आला. इंग्रजी अमलात सुटलेला पेड इथे पुन्हा जोडला गेला. सिंधुदुर्गात बांबर्डे येथे लोकांनी देवाच्या नावाने राखलेली जंगली जायफळाची दलदल २०२१ साली जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. तिचे क्षेत्र अवघे २.५९ हेक्टर आहे.

पुनावळ्याची गोष्ट या सगळ्यांहून निराळी, कारण इथे जुनी गावकी जवळजवळ विरून गेल्यावर नवी उभी राहिली. १९९७ साली आजूबाजूच्या गावांबरोबर पुनावळे पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान नगरी आणि बाह्यवळण महामार्ग यांच्यामध्ये सापडलेल्या या गावात दोन दशकांत शेतांच्या जागी उंच इमारती आल्या. २००८ च्या सुमारास महापालिकेने इथली २५-२६ हेक्टर वनजमीन कचरा डेपोसाठी राखून ठेवली, कारण मोशीचा डेपो भरत चालला होता. वनजमीन दुसऱ्या कामासाठी घ्यायची तर १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार केंद्राची मंजुरी आणि बदली जमीन लागते, त्यात बरीच वर्षे गेली. मधल्या काळात डेपोसाठी राखलेल्या जागेच्या चहूबाजूंनी वस्ती उभी राहिली. २०२३ मध्ये प्रकल्प पुन्हा हलू लागला तेव्हा गृहनिर्माण संस्थांमधले रहिवासी आणि मूळचे ग्रामस्थ एकत्र रस्त्यावर आले. मोर्चे, दुचाकी फेऱ्या, झाडांना मिठी मारण्याचे कार्यक्रम झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मंत्री उदय सामंत यांनी डेपो रद्द केल्याचे जाहीर केले.

हे आंदोलन केवळ झाडांसाठी होते असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. दुर्गंधी, आरोग्य आणि सदनिकांच्या किमती ही कारणे तितकीच जोरदार होती, आणि कचरा कुठे तरी जाणारच, म्हणजे मोशीकरांच्या माथी, हा प्रश्न उरलाच. तरीही गाणीच्या गावकऱ्यांचेही कारण स्वतःचे पाणी हेच होते. आपल्या हिताशी जोडलेली झाडीच माणसे राखतात. फरक आहे तो माहितीचा. गाणीत कोणत्या झाडाखालून ओढा निघतो हे लहान मुलाला ठाऊक होते. पुनावळ्याच्या नव्या रहिवाशांपैकी अनेकांना त्या वनातले गवत कोणते आणि झाडे कोणती हे आंदोलनाच्या निमित्तानेच कळले. शिवाय त्या जमिनीच्या वापराचा एकही नियम त्यांच्या हातात नाही. त्यांना विरोध करता येतो, कौल लावता येत नाही.

पिंपरी-चिंचवड आणि पुण्याच्या परिसरात गेल्या काही वर्षांत ‘देवराई’ हे नाव लावून वृक्षारोपणे होऊ लागली आहेत. रघुनाथ ढोले यांची देवराई फाउंडेशन, अभिनेते सयाजी शिंदे यांची सह्याद्री देवराई या त्यांतल्या ठळक चळवळी. एकाच जातीची रोपे रांगेत लावण्याच्या सरकारी पद्धतीपेक्षा स्थानिक जातींचे मिश्रण करण्याचा त्यांचा आग्रह नक्कीच चांगला. पण शंभर देशी जाती एका एकरात लावल्या म्हणून शतकानुशतके साचलेली माती, बुरशी आणि ढोलीचे वृक्ष मिळत नाहीत, आणि रोपांबरोबर गावकीही लावता येत नाही.

कायद्याचा ताजा टप्पा १८ डिसेंबर २०२४ चा. राजस्थानातल्या ओरणांविषयीच्या, म्हणजे तिथल्या देवरायांविषयीच्या, अर्जावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्याला प्रत्येक राईची जागेवर जाऊन आणि उपग्रहाच्या साह्याने मोजणी करण्याचा, तिला वनाचा दर्जा देण्याचा आणि वन्यजीव कायद्यातल्या ‘सामुदायिक राखीव क्षेत्रा’च्या तरतुदीखाली संरक्षण देण्याचा आदेश दिला. देशभरच्या देवरायांसाठी केंद्राने धोरण आखावे असेही सुचवले. महाराष्ट्रात असे मोजमाप करायचे झाले तर पहिला अडसर १८७८ नंतरच्या मोजणीचाच येतो. वन, महसूल, देवस्थान आणि खासगी सातबारा अशा चार दप्तरांत वाटल्या गेलेल्या राया आधी एका नोंदवहीत आणाव्या लागतील, आणि त्या वहीत राखणदार म्हणून खात्याचे नाव घालायचे की ग्रामसभेचे, हे प्रत्येक राईपाशी ठरवावे लागेल.